पावणेदोन आटे

आनंदनगरात वास आला की माणूस आधी घड्याळ बघतो. रात्री अकरानंतरचा असेल तर तो एमआयडीसीचा. मग खिडक्या लावता लावता तो सडक्या कोबीचा की नेलपॉलिशचा यावर घरात थोडी चर्चा होते आणि सगळे झोपतात. रविवारी सकाळी दहाच्या पुढे येणारा वास मात्र निराळा. तो निखळ पेट्रोलचा असतो, इमारतीच्या पार्किंगमधून येतो आणि त्याचा अर्थ एकच असतो: कुणीतरी कार्बोरेटर उघडला आहे.

अंबरनाथ पूर्वेचा हा भाग सरकारी कागदावर 'अतिरिक्त अंबरनाथ औद्योगिक क्षेत्र' आहे, लोकांच्या तोंडी आनंदनगर एमआयडीसी. इथे घरटी एक माणूस कुठल्यातरी कंपनीत आहे. कुणी सीएनसीवर, कुणी क्वालिटीत, कुणी बॉयलरवर, कुणी मेंटेनन्सला. पहिल्या पाळीला सकाळी सातला पंच करायचं असतं आणि शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे प्रत्येकाकडे मोटारसायकल. कर्ज फिटलं की नवी गाडी घ्यायची, अशी चैन इथे नाही. कर्ज फिटलं म्हणजे गाडी आता खऱ्या अर्थानं आपली झाली, तेव्हा ती उघडायला हरकत नाही, असा हिशेब.

वास्तविक हे काम नाक्यावरचा मेकॅनिक चहा थंड व्हायच्या आत करतो. पण सहा दिवस मालकाचं मशीन उघडणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी स्वतःचं काहीतरी उघडावंसं वाटतं. घरात उघडण्याजोगं दुसरं उरलेलं नसतं. मिक्सर बायको हात लावू देत नाही आणि मोबाईल उघडला तर मुलगा बोलणं टाकतो.

सुरुवात परातीपासून होते.

"अहो, ती परात कुठे नेताय?"

"पाच मिनिटांत आणतो."

"त्यात मी कणीक मळते."

"धुऊन देतो ना."

पेट्रोलचा वास साबणानं, चिंचेनं आणि उन्हानंही जात नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. इथल्या प्रत्येक जुन्या संसारात एक 'गाडीची परात' आहे, आणि ती कधीतरी रुखवतात मांडलेली होती. परातीमागून जुना टूथब्रश येतो, रद्दीतला पेपर येतो, वायरमधली बारीक तांब्याची तार येते, आणि शेवटी मी येतो. माझ्याकडे मोबाईलची बॅटरी धरण्याचं काम असतं. या कामाला कौशल्य लागत नाही असा गैरसमज आहे. उजेड कुठे पाडायचा हे बॅटरीवाल्याला न सांगता कळावं लागतं, आणि तो चुकला की पडलेल्या प्रत्येक स्क्रूची जबाबदारी त्याच्यावर येते.

कार्बोरेटर एकट्यानं उघडण्याची वस्तू असावी अशी कंपनीची कल्पना असेल. आनंदनगरात फ्लोट बोलचे स्क्रू ढिले होण्याआधी पाच माणसं जमतात. आणि ही काही रिकामटेकडी माणसं नव्हेत, सगळे आपापल्या खात्यातले तज्ज्ञ आहेत, अडचण तीच आहे. क्वालिटीवाले मांडीवर हात ठेवून विचारतात, "व्हर्नियर आहे का?" सीएनसीवाला जेट उजेडात धरून म्हणतो, "फिनिश बघा, फिनिश. बरी आहे." मेंटेनन्सवाला म्हणतो, "चालू होती ना? मग उघडली कशाला?" त्याच्या खात्याचं ते ब्रीदवाक्य आहे. आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका, जे ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले, ते काही न बोलता खुर्ची आणायला सांगतात. काकांनी आयुष्यभर नेमकं काय केलं हे त्यांनी गोपनीयतेमुळे कुणाला सांगितलेलं नाही, त्यामुळे त्यांचं मत खोडता येत नाही.

आता आत काय असतं ते सांगतो, कारण ते सगळ्यांनी मला सांगितलेलं आहे.

तळाला एक वाटी. तिला फ्लोट बोल म्हणतात. त्यात एक तरंगता फ्लोट आणि त्याला जोडलेली छोटी सुई. पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो, सुई भोक बंद करते. पेट्रोल उतरलं की फ्लोट खाली, भोक उघडं. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक तो हाच. अंबरनाथ-बदलापूरच्या माणसाला ही यंत्रणा समजावून सांगावी लागत नाही. पाणी एक दिवसाआड येत असलं की बॉलकॉकशी घरच्यासारखे संबंध जुळतात. गच्चीची टाकी वाहू लागली की सोसायटीची मीटिंग होते, कार्बोरेटर वाहू लागला की पार्किंगमध्ये मीटिंग होते, आणि दोन्हीकडे निष्कर्ष एकच निघतो: "कचरा अडकलाय." उपायही एकच, पेचकसाच्या मुठीनं बाहेरून टकटक करायचं. विशेष म्हणजे याला शास्त्रीय आधार आहे. सुईखाली कण अडकला असेल तर हादऱ्यानं तो सुटतो आणि ओव्हरफ्लो थांबतो. त्यामुळे टकटक करणाऱ्याला आपण इंजिनिअर असल्याचा भास होतो आणि पुढची सगळी संकटं त्या भासातून उद्भवतात.

वाटीच्या वर मधोमध एक अरुंद गळा. इंजिन हवा ओढतं, गळ्यात तिचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब घटतो आणि खालचं पेट्रोल जेटमधून आपोआप वर चढून फवाऱ्यासारखं उडतं. वेग वाढला की दाब घटतो हे डॅनियल बर्नुलीनं 1738 साली लिहून ठेवलं आणि अरुंद गळ्याचा प्रयोग इटलीच्या व्हेंचुरीनं 1797 साली छापला. पण या दोघांना मोटारसायकल माहीत नव्हती. ती कल्पना पुढे 1893 मध्ये बुडापेस्टच्या बांकी आणि चोंका या जोडीला सुचली. गोष्ट अशी सांगतात की रस्त्यावर फुलं विकणारी एक मुलगी तोंडात पाणी घेऊन नळीनं फुंकर मारून फुलांवर बारीक फवारा उडवत होती. तो बघून दोघं थबकले आणि कार्बोरेटर घेऊनच घरी गेले. त्याच सुमारास जर्मनीत मायबाखनंही असाच फवाऱ्याचा कार्बोरेटर काढला. आपल्या दादरच्या फुलबाजारात फुलांवर पाणी मारणारी माणसं पिढ्यानपिढ्या बसली आहेत. आपण तिथे पाव किलो झेंडू घेतला आणि भाव जास्त लावला म्हणून कुरकुरत ट्रेन पकडली.

प्रमाणाचा भाग मात्र नाजूक आहे. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. लिटरमध्ये मांडलं तर एका लिटर पेट्रोलला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा. पेट्रोल 2021 मध्ये मुंबईत शंभरीपार गेलं तेव्हा सगळे बोलले, हवेबद्दल कुणी बोलत नाही कारण तिचं बिल येत नाही. आमचे बॉयलरवाले मात्र बोलतात. त्यांचं म्हणणं, "आपली हवा म्हणजे नुसती हवा नाही. तिच्यात आधीच सॉल्व्हंट आहे. पुण्याला लागेल तेवढं पेट्रोल इथे लागणारच नाही. जेट एक नंबर लहान टाका." हे ते गमतीनं म्हणत नाहीत.

आणि मग तो स्क्रू येतो.

कार्बोरेटरच्या अंगावर एक लहानसा स्क्रू असतो, ज्यानं गाडी स्लोला उभी असताना मिश्रण किती जाड, किती पातळ ते ठरतं. तो आधी आत पूर्ण बसवायचा, हलक्या हातानं, आणि मग ठराविक आटे बाहेर काढायचा. किती आटे? या प्रश्नावर आनंदनगरात जेवढा विचार झालाय तेवढा अंबरनाथच्या पाण्यावर झाला असता तर बरं झालं असतं. क्वालिटीवाले म्हणतात पावणेदोन. मेंटेनन्सवाला म्हणतो अडीच, कारण त्याच्या मेहुण्याच्या गाडीला अडीच आहेत आणि ती 'सत्तर देते'. (कुठल्याही गाडीचं अ‍ॅव्हरेज ती मेहुण्याची असली की वाढतं.) सीएनसीवाला दशांशात बोलतो. काका एवढंच म्हणतात, "कानाला लावा." म्हणजे आकडा बघू नका, इंजिनाचा आवाज ऐका. हा सल्ला खरं तर सगळ्यांत योग्य, पण तो आकड्यात नसल्यामुळे कुणी पाळत नाही.

याहून मोठा तंटा पुढे आहे. स्क्रू आत फिरवला की पेट्रोल वाढतं की कमी होतं? एकदा या मुद्द्यावरून आमच्या पार्किंगमध्ये दोन कुटुंबांचा हळदीकुंकवाचा संबंध काही काळ थंडावला. एक म्हणत होते वाढतं, दुसरे म्हणत होते घटतं. दोघांकडे अनुभव, दोघांकडे गाडी, दोघांनी फिरवून दाखवलं. आणि दोघंही बरोबर होते. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू. तो आवळला की हवा अडते आणि मिश्रण जाड होतं. जुन्या आरएक्स 100 ला असा होता. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा. तो आवळला की पेट्रोल अडतं आणि मिश्रण पातळ होतं. नंतरच्या पल्सरसारख्या गाड्यांना असा आला. हे कळल्यावर भांडण मिटायला हवं होतं. पण आपण दोघंही बरोबर आहोत यात कुणाला कसला आनंद? दोघांनी तो खुलासा ऐकून घेतला, मान डोलावली आणि आता स्क्रू नेमका कुठल्या बाजूला आहे यावर वाद सुरू केला.

पीयूसीवाल्याची भूमिका या वादात स्वतंत्र आहे. 2000 सालानंतरच्या कार्बोरेटरवाल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3.5 टक्के. आकडा वर गेला की तो काही न बोलता खाली वाकतो, एक स्क्रू थोडा फिरवतो, आकडा खाली येतो, कागद छापून निघतो. घरी आल्यावर मालक तोच स्क्रू तेवढाच उलटा फिरवतो, कारण गाडीचं पिकअप गेलेलं असतं. पर्यावरण आणि पिकअप यांच्यातला समझोता पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात एका पेचकसानं होतो आणि तो सहा महिने किंवा वर्षभर कागदोपत्री टिकतो.

तारेबद्दल थोडं गंभीर लिहायला हवं. जेट म्हणजे मधोमध भोक असलेला पितळेचा एक चिमुकला तुकडा. केहिन कंपनीच्या जेटवर कोरलेला आकडा साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, म्हणजे 38 लिहिलं असेल तर भोक 0.38 मिलिमीटरच्या आसपास. त्यात कचरा अडकला की गाडी मिसिंग मारते, सिग्नलला बंद पडते. अशा भोकात सुई, टाचणी किंवा सायकलची तार घालायची नाही, कारण पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की पुन्हा लहान होत नाही. मऊ तांब्याची तार चालते, पंक्चरवाल्याची हवा त्याहून बरी. हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी कचरा दिसला की पुरुषांना टोचायची इच्छा होते आणि कुणीतरी वर हाक मारतो, "अगं, सेफ्टी पिन दे गं एक!" त्या पिनेनं आनंदनगरातले किती अठ्ठावीसचे जेट अडतीसचे झाले, ते पेट्रोल पंपवाल्यालाच विचारा.

नवीन जेट, गॅस्केट, सुई यांचं किट आणायला मग उल्हासनगर. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी लष्कराच्या रिकाम्या छावणीत वसवलेलं हे गाव. 1949 मध्ये राजगोपालाचारींनी त्याला उल्हासनगर नाव दिलं, पण लोक अजून कॅम्प नंबरच सांगतात. इथे न मिळणारी वस्तू बनलेलीच नसते, आणि बनलेली नसेल तर गुरुवारपर्यंत थांबा म्हणतात. तो 'मेड इन यूएसए'चा जुना विनोद मी इथे करणार नाही, तो सगळ्यांच्या वडिलांनी केलेला आहे. दुकानात एवढंच लक्षात ठेवायचं की 'ओरिजिनल आहे का?' असं विचारायचं नाही. 'कुठलं ओरिजिनल?' असा प्रतिप्रश्न येतो आणि तीन भावांतली तीन ओरिजिनल काउंटरवर मांडली जातात.

गॅस्केट लागतंच, कारण फ्लोट बोलचं गॅस्केट दोनदा काढलं की फुगतं आणि खाचेत बसत नाही. अंबरनाथमध्येच वालधुनी नदीच्या काठी शिवमंदिर आहे, शके 982 म्हणजे 1060 सालचं, शिलाहारांचं. त्याचे दगड साडेनऊशे वर्षं एकमेकांना धरून बसलेत. आम्हाला त्याच गावात रबराची एक रिंग रविवार दुपारपर्यंत बसवता येत नाही.

पावसाळ्यात विषय आणखी वाढतो. 26 जुलै 2005 ला उल्हास नदी आणि वालधुनी दोघी वस्तीत शिरल्या तेव्हा कल्याणपासून बदलापूरपर्यंत गाड्या पाण्याखाली होत्या. त्या वेळी उघडलेल्या कार्बोरेटरांच्या कथा अजून सांगितल्या जातात आणि दरवर्षी पाण्याची पातळी थोडी वाढते. आता पूर नसला तरी पाणी टाकीत शिरायला वाट आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात; 2025 मध्ये देशभर ते वीस टक्क्यांवर पोचलं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, पाणी जास्त झालं की पाण्यासकट वेगळं होऊन तळाला बसतं आणि जुन्या गाड्यांमधल्या काही रबरांशी त्याचं पटत नाही. त्याचा एक भाग उसापासून येतो. म्हणजे कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यांचं राजकारण, जे आजवर पेपरात वाचून सोडून देता येत होतं, ते आता थेट फ्लोट बोलमध्ये येऊन बसलं आहे. मेंटेनन्सवाला परातीतलं पाणी बोटानं दाखवून म्हणतो, "हे बघा सहकार."

बदलापूरकरांचा उल्लेख इथे करायलाच हवा. अंबरनाथला चोक ही फारशी लागणारी गोष्ट नाही, बदलापूरला मात्र थंडी जरा जास्त पडते आणि तिथली माणसं जानेवारीत चोक ओढताना आजूबाजूला कुणी बघतंय ना याची खात्री करतात. त्यांच्यातले काही लडाखलाही जाऊन आलेत. उंचावर हवा विरळ, तेवढ्याच पेट्रोलला हवा कमी पडते, मिश्रण जाड होतं, म्हणून जेट लहान टाकावा लागतो, हे शास्त्र अचूक आहे. पण एकदा लडाखला गेलेला माणूस पुढे टाहुली डोंगराच्या पायथ्याशीही उंचीचा विचार करतो. समोर माथेरान दिसतं, तिथे मोटारींना आणि मोटारसायकलींना बंदीच आहे. निदान त्या एका डोंगराच्या जेटचा नंबर कुणी काढत नाही.

हे सगळं आता संपत आलंय. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 लागू झालं आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींवरून कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी इंजेक्शन आलं. सेन्सर हवा मोजतो, एक छोटा संगणक हिशेब करतो, पेट्रोल नेमकं सुटतं. गाडी सकाळी पहिल्या बटणाला चालू होते, धूर कमी, अ‍ॅव्हरेज चांगलं. हिरो होंडानं पूर्वी 'भरा, झाका, विसरा' अशी जाहिरात केली होती. ती आता कुठे खरी झाली.

आमच्या तळमजल्यावरच्या मुलाकडे अशी गाडी आहे. तो रविवारी खाली येतो, परातीभोवतीच्या घोळक्यात उभा राहतो, आणि त्याला बोलायला काही नसतं. एकदा त्याच्या गाडीचा पिवळा दिवा लागला. पाचही तज्ज्ञ उत्साहानं धावले. सीट काढली, आत एक काळी डबी दिसली, तिला एक केबल लावावी लागते आणि ती केबल सर्व्हिस सेंटरला असते असं कळलं. क्वालिटीवाल्यांनी डबीची लांबी तेवढी मोजली. मेंटेनन्सवाल्यानं पेचकसाच्या मुठीनं टकटक करून पाहिली. दिवा तसाच राहिला. काका खुर्ची उचलून घरी गेले. एवढी चांगली गाडी, पण तिच्याबद्दल माणसाला मत म्हणून देता येत नाही, ही तिची मोठी उणीव आहे. हवा स्वच्छ झाली असेल, आमच्या दृष्टीनं पार्किंग ओस पडलं.

तेव्हा ज्यांच्याकडे अजून कार्बोरेटरची गाडी आहे त्यांना एक सांगणं. पावसाळ्याच्या तोंडावर फ्लोट बोलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून साचलेलं पाणी काढून टाका. त्यासाठी कार्बोरेटर उतरवावा लागत नाही. उतरवायचाच असेल तर पेट्रोलचा कॉक आधी बंद करा आणि काम उघड्यावर करा. घरात नको, देवापुढे समई असते आणि ओट्यावर गॅस. विमकोच्या काड्यापेट्या या गावात बनत होत्या म्हणून त्यांची प्रात्यक्षिकं इथेच व्हायला हवीत असं नाही. आणि तो मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी आत पूर्ण बसवून किती आटे जातात ते मोजा, कागदावर लिहा, कागद पाकिटात ठेवा. आनंदनगरात राहत असाल तर आकडा कुणालाही सांगू नका.